समितीपुढचे निवेदन : सांगलीतील एका विधी सल्लागार सेवेचे परीक्षण

वकिलाकडे माणूस सहसा काहीतरी घडून गेल्यावर जातो. नोटीस येते, नमुना नापास होतो, भावकीत बांध कोरला जातो आणि मग फाईल काखेत मारून विजयनगरच्या न्यायालयाची वाट धरावी लागते. सांगली जिल्ह्यातील आम्ही अठरा कृषी निविष्ठा (म्हणजे बियाणे, खते, कीटकनाशके) विक्रेते ज्या विधी सल्लागार बाईंकडे गेलो, ते मात्र काहीही घडलेले नसताना गेलो. ज्या कायद्याची आम्हाला धास्ती होती तो अजून झालेलाच नव्हता. तो विधेयकाच्या रूपात होता आणि विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे सोपवला गेला होता. विधेयकाचा मसुदा तपासून समितीपुढे मांडण्याजोगे निवेदन तयार करून देणारा सल्लागार जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो, हेच आमच्यापैकी अनेकांना ठाऊक नव्हते. या सेवेविषयी वाचायला कुठे काही मिळाले नाही, म्हणून आमचा अनुभव गुणदोषांसह येथे लिहीत आहे.

बाईंचे आणि त्यांच्या कार्यालयाचे नाव मी देत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, आणि असे लिखाण जाहिरात समजले जाऊ नये म्हणून नाव टाळावे अशी त्यांनीच विनंती केली. आपल्या व्यवसायाचा नियम इतक्या काटेकोरपणे पाळणारी व्यक्ती दुसऱ्याचा मसुदा कशी वाचत असेल, याचा अंदाज वाचकांना यावरून यावा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये, पावसाळी अधिवेशनात, राज्य सरकारने बोगस निविष्ठांना आळा घालण्यासाठी पाच विधेयके मांडली. आमच्या धंद्यात ती आजही ‘चाळीस ते चव्वेचाळीस’ या क्रमांकांनीच ओळखली जातात. बियाणे अधिनियम १९६६, कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि अत्यावश्यक वस्तू अधिनियम १९५५ या केंद्रीय कायद्यांत राज्यापुरत्या सुधारणा करणे, सदोष निविष्ठांमुळे नुकसान झालेल्या शेतकऱ्याला भरपाई देण्यासाठी स्वतंत्र कायदा करणे, आणि खटल्याविना स्थानबद्ध करू देणारा १९८१ चा जो कायदा लोकांच्या तोंडी ‘झोपडपट्टीदादा कायदा’ म्हणून आहे त्याच्या कक्षेत निविष्ठांतील गुन्हेगारही आणणे, असे त्यांचे स्वरूप होते. या शेवटच्या तरतुदीने दुकानदारांची झोप उडाली. राज्यभरातील विक्रेत्यांनी २ ते ४ नोव्हेंबर २०२३ असा तीन दिवस बंद पाळला. सांगली, मिरज, तासगाव, पलूस या भागात तेव्हा द्राक्षाच्या फळछाटणीनंतरच्या फवारण्यांची ऐन धांदल असते आणि दावणी (डाउनी) रोगाच्या भीतीने बागायतदार सकाळी सहालाच दुकानाच्या दारात उभा असतो. अशा दिवसांत शटर खाली ओढणे कोणालाही सोपे गेले नाही.

बंदने आमचा राग सरकारपर्यंत पोहोचला, पण समितीच्या टेबलावर ठेवता येईल असा एकही कागद आमच्याकडे नव्हता. त्याआधी आम्ही दुसऱ्या एका सल्लागाराकडून अभिप्राय घेतला होता. बत्तीस पानांच्या त्या दस्तऐवजात राज्यघटनेतील व्यवसायस्वातंत्र्यापासून सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांच्या उताऱ्यांपर्यंत सर्व काही होते; फक्त विधेयकातील कोणते शब्द बदलावेत आणि त्यांच्या जागी कोणते घालावेत, हे कुठेही नव्हते. गणपती पेठेतील एका ज्येष्ठ विक्रेत्यांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तो गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, “वजन चांगलं आहे.” त्यापुढे त्या कागदाचा काही उपयोग झाला नाही.

बाईंकडील पहिली बैठक वीस मिनिटांत संपली, आणि ती आमच्या फजितीची होती. आम्ही आत जाताच त्यांनी विचारले, “पाचपैकी कोणते विधेयक कोणी पूर्ण वाचले आहे?” अठरा माणसांपैकी एकानेही हात वर केला नाही. आमच्याकडे होते ते मोबाईलवर फिरणारे दोन परिच्छेद आणि वर्तमानपत्रांची कात्रणे. त्यांनी पाचही विधेयकांच्या छापील प्रती आमच्या हाती दिल्या, प्रत्येक विधेयकाच्या शेवटी असलेले उद्देश व कारणे यांचे निवेदन आणि वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन यांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि चार दिवसांनी वाचून यायला सांगितले. या बैठकीचे शुल्क त्यांनी घेतले नाही. वाचून न आलेल्यांना दुसऱ्या बैठकीत बोलू दिले नाही, हेही नमूद केले पाहिजे. आमच्यातील दोघांना तो अपमान वाटला होता.

दुसऱ्या बैठकीत कामाची पद्धत समजली. विधेयकात ‘खंड’ असतात, ते मंजूर होऊन अधिनियम झाला की त्यांची ‘कलमे’ होतात; समितीत चर्चा खंडाखंडाने होते, त्यामुळे आक्षेपही खंडाखंडानेच लिहायचा, असा त्यांचा पहिला दंडक होता. प्रत्येक खंड वाचताना त्या तेच ते प्रश्न विचारत. हा अधिकार कोणाच्या हाती जातो? त्या अधिकाऱ्याचा दर्जा कायद्यातच ठरवलेला आहे की पुढे नियमांवर सोडला आहे? अधिकार वापरण्यापूर्वी त्याने काय तपासायचे आहे? त्याची चूक झाली तर ती कोण, किती दिवसांत दुरुस्त करील? आमचे उत्तर बहुतेक वेळा “त्रास होईल, मॅडम” असे असे, आणि त्या शांतपणे म्हणत, “त्रास होईल हे समितीला लिहिता येत नाही. त्रास कोणत्या शब्दातून होईल, तो शब्द दाखवा.”

या सेवेचे खरे मोल मला दिसले ते स्थानबद्धतेच्या विधेयकावर त्यांनी केलेल्या एका पानाच्या तक्त्यात. १९८१ च्या अधिनियमात स्थानबद्धता ही गुन्ह्याची शिक्षा नसून पुढचे कृत्य रोखण्यासाठीची कारवाई आहे. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्या पातळीवर आदेश निघाला तर राज्य शासनाने तो बारा दिवसांत मान्य करावा लागतो. स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांच्या आत कळवावी लागतात. स्थानबद्ध केल्यापासून तीन आठवड्यांच्या आत प्रकरण स्थानबद्धतेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळापुढे ठेवावे लागते, मंडळाने सात आठवड्यांच्या आत अहवाल द्यायचा असतो, आणि स्थानबद्धतेचा कमाल कालावधी बारा महिन्यांचा आहे. अटक झालेल्या सामान्य आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा जो घटनादत्त हक्क असतो, तो प्रतिबंधक स्थानबद्धतेत लागू होत नाही, हे अनुच्छेद २२ मध्येच लिहिलेले आहे. इथपर्यंतची माहिती कोणत्याही फौजदारी वकिलाने दिली असती. बाईंनी या मुदतींच्या शेजारी कीटकनाशके अधिनियमातील मुदती मांडल्या. त्या कायद्याच्या कलम २४ नुसार नमुना तपासणाऱ्या विश्लेषकाचा अहवाल विक्रेत्याला मिळाल्यावर तो अमान्य असल्याचे लेखी कळवण्यासाठी अठ्ठावीस दिवस मिळतात, आणि वाद न्यायालयात गेला तर राखून ठेवलेला नमुना फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळेत पाठवता येतो व तिचा अहवाल निर्णायक मानला जातो.

दोन्ही रकाने शेजारी आले आणि खोलीत शांतता पसरली. पहिला अहवाल हाती पडला त्याच दिवशी आदेश निघून एखाद्याला स्थानबद्ध केले असे धरले, तर एकवीस दिवसांत त्याचे प्रकरण मंडळापुढे जाणार, आणि ज्या अहवालावर तो आदेश उभा आहे त्याला हरकत घेण्याची मुदत मात्र अठ्ठावीस दिवसांची. म्हणजे कागद खोटा ठरवण्याची कायदेशीर मुदत संपण्याच्या आत त्या कागदावरची सुनावणी सुरू होऊ शकते. मी तीस वर्षे दुकान चालवतो, कीटकनाशकांचे नमुने दरवर्षी देतो, अठ्ठावीस दिवसांची मुदत मला तोंडपाठ आहे. पण ती दुसऱ्या कायद्यातील एकवीस दिवसांच्या शेजारी ठेवून पाहावी असे माझ्या मनात कधी आले नसते. बाईंनी याविषयी केलेली सूचना अवघ्या दोन ओळींची होती: केवळ विश्लेषकाच्या अहवालाच्या आधारे, त्याला हरकत घेण्याची मुदत संपेपर्यंत किंवा हरकत घेतली असल्यास केंद्रीय प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत, आदेश काढता येणार नाही, अशी भर त्या खंडात घालावी. सोबत त्यांनी असेही सुचवले की मूळ कायद्यात ‘धोकादायक व्यक्ती’ ठरवताना कृत्य वारंवार घडल्याची जी अट आहे, ती नव्या वर्गाच्या व्याख्येतही निःसंदिग्ध शब्दांत असावी. विधेयक रद्द करा, ही आमची मूळ मागणी त्यांनी निवेदनातून काढून टाकली. ती मागणी सभागृहातील आणि रस्त्यावरील लढाईची आहे. समितीला वाक्य हवे असते, आणि आपण ते वाक्य तिला उसने द्यायचे असते, असे त्यांचे म्हणणे होते.

यावरून अण्णांशी त्यांची चकमक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. आहे तो कायदा पुरेसा आहे, नवा कशाला, असे अण्णा ठामपणे म्हणत होते. बाईंनी बियाणे अधिनियमाचे कलम १९ त्यांच्यापुढे ठेवले. १९६६ च्या त्या कायद्यात पहिल्या अपराधाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दुसऱ्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. “अण्णा, एका बॅगेच्या किमतीत तीनदा दंड भरता येईल. वाळव्यातल्या ज्या शेतकऱ्याचे सोयाबीन उगवले नाही, त्याच्यासमोर तुम्ही हे वाक्य वाचून दाखवाल का?” अण्णा चिडले आणि म्हणाले, सोयाबीन न उगवण्याला पेरणीची घाई, खोल पडलेले बी आणि ओल अशी दहा कारणे असतात. तेही खरेच आहे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो आणि तरी पहिल्या वळवावर तिफणी चालतात. पण बाईंनी त्याच उत्तराचा निवेदनासाठी उपयोग करून घेतला. भरपाईच्या विधेयकावरील आक्षेप त्यांनी ‘आम्ही निर्दोष आहोत’ असा लिहिलाच नाही. ‘नुकसान आणि निविष्ठेतील दोष यांच्यातील कार्यकारण कोणी, कोणत्या पंचनाम्याने, कोणत्या नमुन्यावरून ठरवायचे, हे कायद्यातच असावे’ असा लिहिला. शेतकऱ्याच्या बाजूने वाचले तरी ते वाक्य न्याय्य वाटते, आणि माझ्या मते निवेदनाच्या सहा पानांतील ते सर्वांत ताकदीचे वाक्य होते.

विक्रेत्याच्या जबाबदारीबाबतही त्यांनी नवा युक्तिवाद शोधण्याऐवजी जुन्या कायद्यातील आधार पुढे आणला. कीटकनाशके अधिनियमाच्या कलम ३० मध्ये एक बचाव आहे: विक्रेत्याने माल परवानाधारक उत्पादक किंवा वितरकाकडून घेतला असेल, योग्य काळजी घेऊनही दोष त्याला कळण्यासारखा नसेल, आणि माल त्याच्याकडे नीट साठवलेला व जसा आला तशाच स्थितीत असेल, तर तो जबाबदार धरला जात नाही; मात्र हे सर्व सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. सीलबंद बाटलीच्या आत काय आहे हे दुकानदाराला नाकाने हुंगून कळत नाही, ही आमची वर्षानुवर्षांची तक्रार १९६८ पासून कायद्यात लिहिलेली आहे हे आमच्यातील अनेकांना माहीतच नव्हते. हाच बचाव बियाणे, खते व कीटकनाशके या तिन्ही निविष्ठांसाठी भरपाईच्या विधेयकात परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, म्हणून यावा, असा मसुदा त्यांनी केला, आणि त्याच्या बदल्यात विक्रेत्याने उगमाची कागदपत्रे, म्हणजे खतांचा ओ फॉर्म, कंपनीचे प्रिन्सिपल सर्टिफिकेट आणि लॉटवार साठा नोंदवही, ठरावीक दिवसांत सादर करण्याचे बंधन स्वतःहून सुचवले. हे बंधन आमच्या काही सहकाऱ्यांना नको होते. नको असण्याची कारणे मला ठाऊक आहेत आणि ती सगळीच सांगण्याजोगी नाहीत.

अधिकार सोपवण्याच्या मुद्द्यावर त्या सर्वांत जास्त रमल्या. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द दिसले की त्या थांबत आणि समासात एक टिंब देत. त्या शब्दांचा अर्थ, कार्यपद्धती आज विधिमंडळ ठरवत नाही, उद्या विभाग नियमांनी ठरवील, असा होतो. बारीकसारीक बाबींसाठी ते योग्यच आहे. नमुना कोणत्या पिशवीत भरायचा हे सभागृहाने ठरवण्याचे कारण नाही. पण सुनावणीची संधी द्यायची की नाही, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, हे नियमांवर सोडले तर त्यावर सभागृहात चर्चाच होत नाही. या संदर्भात त्यांनी ब्रिटिश संसदेचा दाखला दिला. तेथे दोन्ही सभागृहांची एक संयुक्त समिती केवळ नियम आणि आदेश यांचीच छाननी करते. धोरण बरे की वाईट याविषयी ती बोलत नाही. नियम दिलेल्या अधिकाराबाहेर जातो का, अधिकाराचा अनपेक्षित वापर झाला आहे का, स्पष्ट आधार नसताना मागील तारखेपासून परिणाम दिला आहे का, न्यायालयाची वाट बंद केली आहे का, मसुदा सदोष आहे का, अशा ठरलेल्या कसोट्यांवर समितीचे विधी सल्लागार आधी वाचन करतात आणि शंकास्थळे सदस्यांपुढे ठेवतात. आपल्याकडे लोकसभेत उपविधानविषयक, म्हणजे असे नियम तपासणारी, समिती १९५३ पासून आहे, राज्यसभेत १९६४ पासून, आणि महाराष्ट्र विधिमंडळातही उपविधान समिती आहे. नियम सभागृहासमोर ठेवले जातात, तेथे ते बदलता किंवा रद्द करता येतात, आणि म्हणून विधेयक मंजूर झाले की आपले काम संपले असे समजू नका, असे त्यांनी बजावले. ही वीस मिनिटे काहींना कंटाळवाणी वाटली. मला ती पैसे वसूल करणारी वाटली, कारण परवाना नियमांच्या एका ओळीपायी दुकान आठवडाभर बंद ठेवण्याचा प्रसंग आमच्यापैकी बहुतेकांवर आलेला आहे, आणि ती ओळ कोणी कधी तपासली असेल हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

भाषेबाबत त्यांचा कटाक्ष वेगळाच आहे. विधेयकाचा मराठी आणि इंग्रजी पाठ त्या शेजारी ठेवून वाचतात, कारण राज्याचे विधेयक मराठीत मांडले जात असले तरी अनुच्छेद ३४८ प्रमाणे राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो आणि उच्च न्यायालयातील युक्तिवाद त्यावर चालतो. ‘अधिकारी सुनावणीची संधी देईल’ आणि ‘अधिकाऱ्याला सुनावणीची संधी देता येईल’ या दोन वाक्यांत पहिल्यात कर्तव्य आहे आणि दुसऱ्यात मर्जी, हे त्यांनी आमच्याच कच्च्या मसुद्यातील चुकीवरून दाखवले. आम्ही स्वतःच्या हाताने ‘देता येईल’ असे लिहून ठेवले होते.

केंद्रीय कायद्यांत राज्याने सुधारणा करायची असल्याने, समवर्ती सूचीतील (केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या) विषयांवर विसंगती असेल तेथे अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, त्यामुळे निवेदनाची एक प्रत त्या टप्प्यासाठीही तयार ठेवावी, असा सल्ला त्यांनी दिला. विधानसभेत प्रलंबित असलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, तेव्हा चौदाव्या विधानसभेची नोव्हेंबर २०२४ मध्ये संपणारी मुदत डोळ्यांसमोर ठेवून समितीचा वेग पाहा, हेही त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितले होते.

आता उणिवा. मसुदा आम्हाला मिळायचा होता तो सोमवारी. मिळाला गुरुवारी रात्री. डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनापूर्वी तो समिती सदस्यांच्या हाती पडावा म्हणून आम्ही धडपडत होतो आणि शेवटच्या दोन दिवसांत अठरा सह्या गोळा करण्यासाठी माझ्या मुलाला जत ते इस्लामपूर अशी मोटारसायकल पळवावी लागली. टंकलिखित प्रतीत एके ठिकाणी कलम ३० चे पोटकलम उलटे छापले गेले होते; ते माझ्या लक्षात आले, त्यांच्या कार्यालयाच्या नाही. खंड आणि कलम यांतील फरकासाठी आम्हाला तासभर बसवून ठेवणाऱ्या कार्यालयाकडून ही चूक अपेक्षित नव्हती. त्यांनी चूक लगेच मान्य केली आणि पान बदलून दिले, पण संध्याकाळी सहानंतर दूरध्वनी न उचलण्याचा त्यांचा नियम त्या आठवड्यातही मोडला नाही.

शुल्क पंचेचाळीस हजार रुपये ठरले होते, म्हणजे दुकानामागे अडीच हजार. कामाचा आवाका पाहता ते मला वाजवी वाटते. लिंकिंगच्या, म्हणजे खपणाऱ्या मालासोबत दुसरा माल घेण्याच्या सक्तीच्या, नावाखाली कंपन्या आमच्या माथी मारतात त्या न खपणाऱ्या मालात यापेक्षा जास्त रक्कम अडकून पडते. मात्र शेवटी टंकलेखन, प्रती आणि टपाल यांचे पाच हजार चारशे रुपये वेगळे मागण्यात आले, ज्याचा उल्लेख सुरुवातीच्या पत्रात नव्हता. रक्कम मोठी नाही, पण ‘आधी लिहून घ्या’ हे ज्यांनी आम्हाला शिकवले त्यांनीच ते लिहिलेले नव्हते.

निवेदनाची भाषा हाही एक मुद्दा आहे. समितीसाठी ती योग्य असेल, पण आमच्या सभासदांना ती समजावून सांगायला मला स्वतंत्र बैठक घ्यावी लागली. सोपा सारांश देणे हा त्यांच्या कामाचा भाग नाही, असे उत्तर मिळाले. तो भाग असायला हवा, असे माझे मत आहे. ज्याने सही केली त्याला आपण कशावर सही केली हे एका पानात सांगता आले पाहिजे.

दुसऱ्यांदा आम्ही त्यांच्याकडे गेलो ते केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये बियाणे विधेयकाचा मसुदा जाहीर करून ११ डिसेंबर २०२५ पर्यंत सूचना मागवल्या तेव्हा. २००४ मध्ये राज्यसभेत मांडले गेलेले बियाणे विधेयक कृषीविषयक स्थायी समितीच्या अहवालानंतरही कायदा होऊ शकले नव्हते, तो इतिहास त्यांनी अर्ध्या पानात मांडला आणि या वेळी निवेदन समितीला नव्हे तर मंत्रालयाला जाणार असल्याने सूर वेगळा ठेवला: शब्दांपेक्षा व्यवहारातील उदाहरणांवर भर, दुकानातील साठवणुकीचे तापमान, परत आलेल्या बॅगांचे काय होते, अशा गोष्टी. पण हे काम पहिल्याइतके खोल झाले नाही. बाई तेव्हा इतर कामांत होत्या आणि बराचसा मसुदा त्यांच्या सहकाऱ्याने केला होता. तो नीटनेटका होता, इतकेच.

ज्यांना अशा कामासाठी सल्लागार पाहायचा आहे, त्यांनी खटले लढवण्याची ख्याती आणि मसुदा वाचण्याचे कसब या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात घ्यावे आणि पहिल्याच भेटीत एखादा खंड समोर ठेवून ‘येथे तुम्ही कोणते शब्द बदलाल’ असे विचारावे. बाईंकडे जायचे असेल तर सकाळी साडेदहा ते दुपारी दोन ही वेळ बरी. पाच-सहापेक्षा जास्त माणसे नेऊ नयेत, कारण खुर्च्या तेवढ्याच आहेत आणि उभ्याने बोलणाऱ्याचे त्या ऐकून घेत नाहीत. शुल्काच्या पत्रात टंकलेखन व टपाल धरले आहे का ते आधी पाहून घ्यावे. आणि गेल्या पाच वर्षांत तुमच्या दुकानातून किती नमुने घेतले गेले, किती अप्रमाणित आले, त्यांपैकी किती दुसऱ्या तपासणीत प्रमाणित ठरले, हे त्या पहिल्या दहा मिनिटांत विचारतात. आमच्या अठरांपैकी हा हिशेब सातच जण देऊ शकले, आणि निवेदनाच्या परिशिष्टात शेवटी त्या सात दुकानांचेच आकडे गेले.